अर्धा आटा

अकरा हिवाळे कोठारातच गेले.
नळ्या जोडल्या वर्लिन हॉस्टेटरने, काळ्या काचेआड.
कापड मी ताणलं, इस्त्री फिरवून फिरवून.
उजव्या पंखाखाली एक सुरकुती राहिली, ती अजून आहे;
परक्यांना मी त्या बाजूने नेत नाही.

जूनमध्ये ते उडालं.
उडालं म्हणजे उडालंच,
पण डावीकडे कलत,
हात धरून नेलेलं पोर नको त्या दुकानाकडे ओढतं तसं.
दांडी सतत उजवीकडे रेटायची.
तासाभराने मनगटात कळ,
आणि तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांहून चाळीस अंश तापलेला
(घरात एक तरी असतोच असा).

वर्लिन म्हणाला, सुकाणूला पट्टी लाव.
लावली. वाकवली. अजून थोडी वाकवली.
डावी टाकी आधी रिकामी करून पाहिली.
वहीत आकडे: उंची, वेग, तापमान,
आणि एकदा समासात, पेन्सिलीने, एक शिवी.

आइता कधी बसला नाही त्यात.
बापाला आम्ही आइता म्हणतो.
एकोणिसाव्या वर्षी बास्क डोंगरांतून आयडाहोत आला
तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्याच्या दोन हजार मेंढ्या होत्या,
एक कुत्रा, आणि इंग्रजीचे सात शब्द.
आता सत्त्याऐंशीचा.
धावपट्टीच्या कडेला घडीची खुर्ची, मान वर.
"लंगडतंय," म्हणाला.
विमान लंगडत नसतं, मी म्हटलं.
"मेंढी लंगडली की लोक आधी खूर बघतात.
खूर नंतर.
आधी चाल बघायची, लांबून,
तिला कळू न देता."

मग आत जाऊन लोकर घेऊन आला,
खुणेच्या लाल रंगाचे डाग पडलेली,
मांडीवर वळून तिचे बोटभर धागे केले,
आणि आम्ही तिघांनी अख्खी दुपार
दोन्ही पंखांवर चिकटपट्टीने दीडशे धागे लावले.
वर्लिनची बायको गाडी थांबवून बघून गेली.
काही बोलली नाही.

नऊ हजार फुटांवर, सॅमन नदीच्या दरीवर,
मी वेग उतरवत गेले.
साठ. पन्नास. नाक वर.
धागे सगळे मागे निजलेले, शहाण्यासारखे.
पंचेचाळीस.
डाव्या पंखाच्या टोकाकडे एक उठला.
त्याच्या शेजारचा उठला.
मग कळप बिथरतो तसं झालं:
कोयोटी एकीलाच दिसतो,
बाकीच्यांना फक्त ती एक दिसते.
डावी बाजू सगळी उभी, सैरावैरा,
आणि उजवी अजून चरत होती.

खाली येऊन
डाव्या पंखाच्या मागच्या टेकूचा बोल्ट काढला,
टोकाचा काटा आत फिरवला. अर्धा आटा.
त्याहून कमी फिरवता येत नाही, काटा बसायला हवा;
त्याहून जास्त, वर्लिन म्हणाला, लोभ.
पंखाची मागची कड खाली आली ती
फार तर नखाच्या जाडीइतकी.

दुसऱ्या पहाटे, वारा उठायच्या आधी,
मी दांडी सोडली.
हात मांडीवर ठेवले, चर्चमध्ये ठेवतो तसे,
आणि मोजायला लागले.
एकवीस झाले, चाळीस झाले.
ते सरळ चाललं होतं.
कुणीकडेच ओढत नव्हतं मला.
खरं सांगू, थोडं एकटं वाटलं.

नदीच्या वळणावर गोट्यांचा दांडा आहे, दोनशे पावलांचा.
तिथे टेकवलं, मऊ फुगीर चाकांवर,
शेपटी आपटली, थडथडली, पाण्यातला बगळा उडाला.
इंजिन बंद केल्यावर
गरम धातूची टिकटिक तेवढी,
आणि पंखांवर दीडशे धागे, पडलेले, काहीच सांगत नसलेले.

घरी आले तर आइता खुर्चीतच.
"चाल?"
सुधारली.
शेपटीकडे बघत राहिला बराच वेळ.
"मग आता खूर बघ."

वर्लिन पाना शोधतोय.
तीन नंबर अजून तापतोच.